खेळ तोच, नियम नवे : मीर सुलतान खान

होस्टेलमध्ये पत्ते कुणाला येत नाहीत? मेंढीकोट, बदाम सात, तीन-दोन-पाच हे तर आपण घरूनच शिकून आलेलो असतो. फर्स्ट इयरला रमी येते, सेकंड इयरपर्यंत काडेपेटीच्या काड्या लावून तीनपत्ती. अलीकडे त्यात पोकरची भर पडली आहे. आणि माझं एक निरीक्षण आहे. तीनपत्तीत पटाईत असलेला गडी पहिल्यांदा पोकरला बसला की एका ठिकाणी हमखास अडखळतो. त्याच्याकडे असतो सिक्वेन्स, समोरच्याकडे कलर. हा बिनधास्त काड्या ओढायला हात पुढे करतो आणि सगळे त्याला थांबवतात, कारण पोकरमध्ये कलर मोठा!

हा नियम कुणी लहर आली म्हणून केलेला नाही, त्यामागे साधं गणित आहे. ५२ पानांच्या कॅटमधून तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. प्युअर सिक्वेन्स बाजूला ठेवले तर त्यात सिक्वेन्स निघतात ७२० आणि कलर निघतात १,०९६. जे दुर्मिळ ते मोठं, म्हणून तीनपत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो. आता पाच पानं घ्या. एकूण हात २५,९८,९६०. त्यात सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८. पारडं उलटलं की नाही? कॅट तोच, पानं तीच, फक्त तीनाची पाच झाली आणि कालपर्यंत जे खात्रीचं होतं तेच दगा देऊ लागलं.

मग ओळखीच्या खेळाचा अनोळखी भाऊ समोर येऊन बसला तर तो शिकायचा कसा? जुनं सगळं पाटीवरून पुसून टाकायचं, की जुन्याच्या जोरावर रेटून न्यायचं? या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. ते आयुष्य पत्त्यांचं नाही, बुद्धिबळाचं आहे. त्या माणसाचं नाव मीर सुलतान खान.

सुलतान खान यांचा जन्म १९०३ च्या सुमाराचा. गाव मिठा टिवाणा, पंजाबातल्या खुशाब भागातलं, आज पाकिस्तानात. वडील मियां निजामुद्दीन हे धार्मिक वृत्तीचे आणि बुद्धिबळाचे शौकीन. त्यांनीच मुलाला वयाच्या नवव्या वर्षाच्या आसपास पट मांडायला शिकवलं. पण हे बुद्धिबळ म्हणजे आपण कॉलेजच्या स्पोर्ट्समध्ये खेळतो ते नव्हे, देशी बुद्धिबळ.

देशी खेळाची रीत आपल्या भागातल्या जुन्या माणसांना चांगली ठाऊक आहे. माझे आजोबा कळंब तालुक्यातल्या आमच्या गावी पारावर हाच खेळ मांडायचे, त्यामुळे हे नियम मला नुसते ऐकून नाही, खेळून माहीत आहेत. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, दोन घरं उडी नाही. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला शह बसला नसेल तर आयुष्यात एकदा घोड्याची अडीच घरं घेता येतात. प्यादं पलीकडच्या टोकाला पोहोचलं की ज्या मोहऱ्याच्या घरात गेलं तोच मोहरा होतं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. आणि राजाला शह तर नाही, पण हलायला घरही नाही, अशी कोंडी झाली तर काय करायचं, याची रीत गावागणिक वेगळी. पंजाबातही चालीरीतीत थोडाफार फरक असणारच, पण प्याद्याची एकेक घराची चाल, बढतीचा नियम आणि कोंडीचा नियम या तिन्ही बाबतींत सुलतान खान शिकलेला खेळ युरोपातल्या खेळापेक्षा वेगळा होता, हे नक्की.

एकविशीत पोहोचेपर्यंत सुलतान खान पंजाबचे अव्वल खेळाडू मानले जाऊ लागले. त्याच सुमारास सर उमर हयात खान या बड्या जमीनदाराची नजर त्यांच्यावर पडली. सर उमर हे टिवाणा घराण्यातले, फौजेत मोठा हुद्दा असलेले आणि सरकारदरबारी वजन असलेले गृहस्थ, आणि बुद्धिबळाचे वेडे. त्यांनी सुलतान खानना आपल्या पदरी ठेवलं, खर्चापाण्याची सोय केली आणि त्यांना युरोपियन नियमांचा खेळ शिकवायची व्यवस्था केली. १९२८ साली अखिल भारतीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्यात सुलतान खाननी नऊ डावांत आठ जिंकले, एक बरोबरीत सोडवला, हरला एकही नाही. पुढच्याच वर्षी, १९२९ च्या वसंतात, सर उमर त्यांना घेऊन लंडनला गेले.

इथे जरा थांबून नियम बदलल्यामुळे पटावर नेमकं काय बदलतं ते बघू. वरवर पाहता तीन-चार किरकोळ फरक. पण आपण स्ट्रक्चर्सच्या पेपरात एक सपोर्ट बदलला की सगळा बेंडिंग मोमेंट डायग्राम कसा बदलतो? तसंच हे.

प्यादं पहिल्याच चालीत दोन घरं जाऊ लागलं की दोन्ही फौजा फार लवकर एकमेकींना भिडतात. देशी खेळात पहिल्या दहा-बारा चाली आपापल्या मुलखात निवांत मांडामांड करण्यात जातात. गडी गप्पा मारत, तंबाखू मळत चाली करतो. युरोपियन खेळात तिसऱ्या-चौथ्या चालीलाच मध्यावर ठिणगी पडते. म्हणजे वेळ महाग झाला. एक चाल फुकट गेली तर तिथे चालून जायची, इथे तिची वसुली होते. म्हणूनच युरोपात सुरुवातीच्या चालींवर, म्हणजे ओपनिंगवर, जाडजूड पुस्तकं लिहिली गेली.

किल्लेकोट आला की राजा एका चालीत आडोशाला जातो आणि त्याच चालीत हत्ती मैदानात येतो. बढतीचा नियम बदलला की कडेचं क्षुल्लक प्यादंसुद्धा थेट वजीर होऊ शकतं, म्हणजे शेवटच्या डावात प्रत्येक प्याद्याची किंमत वाढली. आणि कोंडी झाली की बरोबरी, हा नियम आला की हरणाऱ्याला शेवटपर्यंत एक फट शिल्लक राहते आणि जिंकणाऱ्याला घाई परवडत नाही.

पण न बदललेलं काय, तेही बघा. हत्ती सरळच जातो, घोडा अडीचच घरं. एका मोहऱ्याने दोन मोहऱ्यांवर मारा केला की एक पडतोच. कमजोर प्यादं ओळखणं, त्याच्यावर हळूहळू दबाव वाढवणं, समोरच्याचा बेत चार चाली आधी वासाने हेरणं, वाईट डावात दात-ओठ खाऊन टिकून राहणं, हे सगळं दोन्ही खेळांत सारखं. सुलतान खानकडे ही दुसरी शिदोरी गच्च भरलेली होती. पहिली जवळजवळ रिकामी. ओपनिंगचं सगळं ज्ञान तर युरोपियन भाषांतल्या पुस्तकांतच होतं.

याचा निकाल लगेच लागला. लंडनला पोहोचल्यावर त्यांच्या सरावासाठी एक छोटी स्पर्धा भरवली गेली. भारताचा चॅम्पियन त्यात तळाला राहिला. कल्पना करा. परका देश, हाडं गोठवणारी थंडी, भाषा येत नाही, पाठीशी उभा असलेला मालक सगळं बघतोय आणि आपण शेवटून पहिले! आपल्यातला एखादा असता तर बॅग भरून परतीच्या बोटीची चौकशी केली असती.

पण इथे दोन माणसं पुढे आली. एक विल्यम विंटर आणि दुसरे फ्रेडरिक येट्स. येट्स तर पुढेमागे मिळून सहा वेळा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलेले खेळाडू. म्हणजे ज्यांच्याशी उद्या स्पर्धेत गाठ पडायची, तेच शिकवायला बसले. त्यांनी सुलतान खानना ब्रिटिश अजिंक्यपदासाठी तयार केलं. वेळ होता जेमतेम काही आठवड्यांचा. एवढ्यात सगळी ओपनिंग पाठ होणं शक्यच नव्हतं. पण सुरुवातीच्या डोहातून बुडता न बुडता पलीकडे जाता आलं, मधल्या डावापर्यंत जिवंत पोहोचता आलं, तर पुढचं राज्य आपलंच आहे, हे त्या उन्हाळ्याने सिद्ध केलं. रॅम्सगेटला १९२९ ची ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि ती जिंकली मीर सुलतान खान यांनी! वसंतात तळाला, उन्हाळ्यात अजिंक्य. सगळं ब्रिटिश बुद्धिबळ जगत चकित झालं.

ते वर्ष संपायच्या आत ते भारतात परतले आणि मे १९३० मध्ये पुन्हा युरोपात गेले. पुढची साडेतीन वर्षं म्हणजे एखाद्या सिनेमाची गोष्ट वाटावी अशी आहेत. १९३० साली लीएज येथे दुसरा क्रमांक, टार्टाकोव्हर यांच्या मागे. त्याच वर्षाअखेरच्या हेस्टिंग्ज स्पर्धेत तिसरा क्रमांक, पुढे फक्त ऑयवे आणि कापाब्लांका. आणि या कापाब्लांकांनाच, १९२७ पर्यंत जगज्जेते असलेल्या, हरवायला महाकठीण समजल्या जाणाऱ्या माणसाला, सुलतान खाननी त्या स्पर्धेत ६५ चालींत हरवलं.

त्या डावातली एक गोष्ट मला फार आवडते. पाचव्या चालीला सुलतान खाननी आपलं अगदी डाव्या कडेचं प्यादं एकच घर पुढे सरकवलं. देशी खेळात वाढलेल्या माणसाला शोभेल अशी शांत, पुस्तकी पंडितांना आळशी वाटेल अशी चाल. समोरच्याचा उंट आपल्या मुलखात येऊन बसू नये एवढाच तिचा हेतू. पुढे काही दशकांनी हीच कल्पना पेट्रोस्यान आणि कास्पारोव्ह या दोन जगज्जेत्यांनी नावारूपाला आणली आणि आज ती ओपनिंगच्या पुस्तकांत मानाने बसली आहे. मग डाव लांबला, पट आवळत गेला आणि शेवटी कापाब्लांकांना हलायला जागा उरली नाही.

जानेवारी १९३१ मध्ये त्यांनी बारा डावांच्या सामन्यात टार्टाकोव्हर यांना साडेसहा विरुद्ध साडेपाच असं हरवलं. त्याच वर्षी प्रागच्या ऑलिंपियाडमध्ये ब्रिटनच्या संघात पहिल्या पटावर बसून त्यांनी आठ डाव जिंकले, सात बरोबरीत सोडवले आणि फक्त दोन गमावले. हरलेल्यांत फ्लोर आणि रुबिन्स्टाइन होते, बरोबरीत सुटलेल्यांत खुद्द तेव्हाचे जगज्जेते अलेखिन. १९३२ आणि १९३३ ला पुन्हा ब्रिटिश अजिंक्यपद. म्हणजे चार वेळा उतरले आणि तीन वेळा जिंकले. मधल्या १९३१ साली जिंकले ते त्यांचे शिक्षक येट्स!

हे सगळं सुखात चाललं होतं असं मुळीच नाही. इंग्लंडची हवा त्यांना मानवली नाही. हिवताप, सर्दी, घशाचे विकार सतत पाठीशी. गळ्याला पट्टी गुंडाळून ते पटावर बसत. ओपनिंगमधली उणीव कधीच पूर्ण भरून निघाली नाही. कितीतरी डावांत सुरुवातीला त्यांची बाजू पडकी असायची आणि मग तासन् तास चिवटपणे ते ती उभी करायचे. आपण रोज पहिला सेमिस्टर केटीत आणि शेवटचा डिस्टिंक्शनमध्ये काढतोय असं समजा.

याच घरातली आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, विशेषतः लेडीज होस्टेलच्या वाचकांना. सर उमर यांच्याच परिवारात फातिमा नावाची एक तरुणी होती. तीही बुद्धिबळ शिकली आणि १९३३ साली तिने ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकलं, अकरा डावांत दहा विजय आणि एक बरोबरी! एकाच घरातून एकाच वर्षी दोन्ही अजिंक्यपदं. तेव्हा नव्या नियमांशी जुळवून घेणं हा एकट्या सुलतान खान यांचा चमत्कार नव्हता, ते शिकता येण्यासारखं होतं.

डिसेंबर १९३३ मध्ये सर उमर भारतात परतले आणि त्यांच्याबरोबर सुलतान खानही. इथून पुढचा धागा आपल्या महाराष्ट्राशी येऊन मिळतो. १९३५ साली त्यांचा सामना झाला व्ही. के. खाडिलकर यांच्याशी. दहा डाव झाले. खाडिलकरांना त्यातला एक बरोबरीत सोडवता आला, बाकीचे नऊ सुलतान खान जिंकले. आकडा वाचून आपल्या माणसाबद्दल वाईट वाटतं खरं. पण अलेखिनशी बरोबरी करून आलेल्या माणसाकडून अर्धा गुण काढणं हीसुद्धा कमाईच म्हणायची. त्या काळात आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि इथल्या पारावर देशी नियमांचेच डाव रंगत होते. त्या डावांतला एखादा गडी युरोपच्या पटावर बसला असता तर त्याचं काय झालं असतं, याचं उत्तर सुलतान खान यांनी आधीच देऊन ठेवलं होतं.

त्यानंतर ते आंतरराष्ट्रीय बुद्धिबळातून जवळजवळ नाहीसे झाले. १९४४ साली सर उमर वारले. सरगोध्याजवळच्या थोड्या जमिनीवर सुलतान खान शेती करत राहिले. पुढे फाळणी झाली, गाव पाकिस्तानात गेलं. आपल्या मुलांना त्यांनी बुद्धिबळाच्या मागे लावलं नाही. आयुष्यात काहीतरी अधिक उपयोगी करावं असं त्यांचं मत होतं. २५ एप्रिल १९६६ रोजी क्षयाने त्यांचं निधन झालं.

त्यांच्याबद्दल एक वाद आहे, तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. पाश्चात्त्य लेखकांनी त्यांना वर्षानुवर्षं निरक्षर नोकर म्हणून रंगवलं. अमेरिकन खेळाडू रूबेन फाइन यांनी तर १९३३ सालची एक हकीकत लिहून ठेवली आहे. सर उमर यांच्या लंडनच्या घरी अमेरिकन संघ जेवायला गेला, तेव्हा ज्यांच्याशी पटावर लढायचं तेच सुलतान खान वाढप्याचं काम करत होते, आणि पाहुण्यांना अवघडल्यासारखं झालं. २०२० साली त्यांच्यावर आलेल्या इंग्रजी चरित्राच्या नावातही नोकर हाच शब्द होता. त्यावर त्यांच्या कुटुंबीयांनी जाहीरपणे आक्षेप घेतला. घराणं पिरांचं आणि जमीनदारांचं होतं, ते निरक्षर नव्हते, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, इंग्रजी येत नाही म्हणजे अडाणी, हा हिशेब आपल्यालाही नवा नाही. मराठी माध्यमातून येऊन पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी लेक्चरमध्ये गप्प बसलेल्या प्रत्येकाला तो कळेल.

दुसरा अन्याय पदवीचा. १९५० साली जागतिक बुद्धिबळ संघटनेने पहिल्यांदा २७ जणांना ग्रँडमास्टर किताब दिले. काहींना तर जुन्या कामगिरीच्या जोरावर. त्या यादीत टार्टाकोव्हर होते, फ्लोर होते, रुबिन्स्टाइनही होते. या तिघांनाही पटावर हरवलेले सुलतान खान तेव्हा हयात होते, पण यादीत नव्हते. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये, मृत्यूनंतर ५७ वर्षं उलटल्यावर, त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब देण्यात आला. उशीर म्हणजे किती उशीर!

असो. आता पुन्हा आपल्या पत्त्यांकडे, कारण या चरित्रातून हाती लागणारी रीत कुठल्याही नव्या खेळाला लावता येते. समजा तुम्हाला टेक्सास होल्डेम येतं आणि कुणी ओमाहा मांडला. होल्डेममध्ये हातात दोन पानं, ओमाहात चार. मधली पाच पानं दोन्हीकडे सारखीच. पण ओमाहात हातातली बरोबर दोनच आणि मधली बरोबर तीनच पानं वापरायची.

पहिलं काम, बदललेला नियम शोधा आणि त्याने काय महाग झालं, काय स्वस्त झालं ते मांडा. चार पानांतून दोनाच्या जोड्या होतात सहा. म्हणजे प्रत्येक खेळाडू जणू सहा हात घेऊन बसलाय. साहजिकच सगळ्यांचेच हात भारी लागतात आणि होल्डेममध्ये बऱ्याचदा काड्या घेऊन जाणारी एक्क्यांची जोडी इथे स्वस्त होते.

दुसरं, जुन्या नजरेला जे सुंदर दिसतं ते पुन्हा तपासा. हातात चारही इस्पिक आले की तीनपत्तीवाला खूश होतो. पण वापरायची दोनच. उरलेली दोन इस्पिकं तुम्ही स्वतःच अडवून बसलात. हातात दोन इस्पिक असतील तर बाहेर अकरा शिल्लक. चार असतील तर फक्त नऊ. चार एक्के आले तर त्याहून वाईट, कारण वापरता येणार दोनच आणि तिसरा बाहेरून येणं अशक्य!

तिसरं, सुरुवात जाणकाराकडून शिका. कुठले हात खेळायचे आणि कुठले टाकायचे, हे पोकरचं ओपनिंग. ते स्वतःच्या बुद्धीने शोधत बसलात तर काड्या संपतील. सुलतान खान विंटर आणि येट्सपुढे बसले, यात त्यांचा काही कमीपणा झाला नाही. सुरुवातीला थोडे, सरळ हात खेळा. चारही पानं एकमेकांना धरून असतील तरच पुढे जा.

चौथं, जे बदललेलं नाही त्यावर विश्वास ठेवा. समोरच्याची पैज वाचणं, हरणारा हात वेळेवर पॅक करणं, काड्या जपणं, तोल न सोडणं. ही शिदोरी तीनपत्तीत कमावलेली असली तरी इथेही चालते.

आणि हे फक्त खेळापुरतं नाही हो! सी येणारा जावा शिकताना, डिप्लोमाहून आलेला डायरेक्ट सेकंड इयरला बसताना, इथून पुण्याच्या कंपनीत गेल्यावर पहिल्या महिन्यात, आपण सगळे त्या १९२९ च्या लंडनमध्येच असतो. सरावाच्या स्पर्धेत तळाला जाणं हा तुमच्या अकलेचा निकाल नसतो. नियम कुठे बदलले ते शोधायची वेळ आली, एवढाच त्याचा अर्थ. सुलतान खान यांना त्यासाठी एक वसंत आणि एक उन्हाळा लागला. आपल्याकडे तर अख्खं सेमिस्टर आहे.